पॅरलल पोर्टचे डोंगल, बावीस वर्षांच्या फायली आणि संगणक कंपन्यांचे खटले

शहापूरची मुद्रक यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागात आमचे छोटे मुद्रणालय आहे. माझ्या सासऱ्यांनी ते ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे यांवर सुरू केले आणि २००२ साली आम्ही संगणक घेऊन जुळणीचे काम त्यावर आणले. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांचे फॉन्ट असलेले एक सॉफ्टवेअर त्या वेळी पूर्ण पैसे मोजून, पावती घेऊन विकत घेतले, कारण आमच्या भागात एकाच लग्नाची पत्रिका बऱ्याचदा दोन्ही भाषांत छापावी लागते. मुलीचे सासर गोकाककडचे असले, की दोन्हीकडच्या पाहुण्यांना वाचता येईल असा मजकूर द्यावाच लागतो. हे सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे, जुन्या प्रिंटरची जाड केबल जिथे लागत असे त्या पॅरलल पोर्टवर, कंपनीने दिलेले डोंगल, म्हणजे किल्लीसारखे छोटे उपकरण, लावावे लागे. डोंगल नसेल तर प्रोग्रॅम उघडत नसे.

बावीस वर्षे तो संगणक चालला. २०२४ च्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड जळाला. डोंगल आजही शाबूत आहे, फायलींच्या सीडी आहेत, पावतीसुद्धा आहे. मात्र दुकानात मिळणाऱ्या नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. विक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा ती आवृत्ती बंद झाली असून नवी घ्यावी लागेल, आणि जुन्या फायली तिच्यात जशाच्या तशा उघडतील याची हमी देता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

त्या फायलींत कडोली, येळ्ळूर आणि उचगाव येथील साहित्य संमेलनांच्या निमित्ताने आमच्या भागातील कवींनी छापून घेतलेल्या पुस्तिका आहेत. त्यांपैकी काही कवी आता हयात नाहीत. मागच्या महिन्यात एका कवीची मुलगी दुकानात आली आणि वडिलांच्या पुस्तिकेच्या शंभर प्रती पुन्हा काढून द्या म्हणाली. तिच्याकडे हस्तलिखित उरलेले नाही. मजकूर माझ्याच सीडीवर आहे आणि तो मला वाचता येत नाही, हे तिला सांगताना मला फार वाईट वाटले.

माझा भाचा इथेच अभियांत्रिकी शिकतो. त्याला संगणक कंपन्यांच्या भांडणांच्या बातम्या वाचण्याची फार आवड आहे आणि त्या रात्री जेवताना त्याने ऑरॅकल आणि गूगल यांच्या खटल्याची हकीकत सांगितली. ती ऐकून मनात आलेला प्रश्न इथे मांडते. अब्जावधी डॉलरच्या या खटल्यांमध्ये, पैसे देऊन वस्तू घेणाऱ्या आणि त्या वस्तूवर स्वतःचे श्रम साठवणाऱ्या माझ्यासारख्या ग्राहकाचा प्रश्न कधी विचारात घेतला जातो का? आणि माझ्याच फायली उघडण्यासाठी त्यांतील एखादा निकाल माझ्या उपयोगी पडू शकतो का?

निपाणीकर यांचे उत्तर

ताई, मी मूळचा निपाणीचा असून अठरा वर्षांपासून पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की या खटल्यांत ग्राहक पक्षकार म्हणून जवळजवळ कधीच नसतो, पण ज्या खटल्यांचे निकाल मला योग्य वाटतात त्यांत न्यायाधीशांनी ग्राहकाच्या श्रमांचा विचार केलेला आढळतो.

खिळ्यांचेच उदाहरण घेतो, म्हणजे मुद्दा आपल्या घरातला होईल. आपल्या सासऱ्यांकडे कामाला असलेल्या खिळेजुळाऱ्याला कोणत्या खणात क, कोणत्या खणात रफार, कोणत्या खणात अर्धा स हे न पाहता ठाऊक असणार. त्याचा हात आपोआप तिथे जात असे. ही सवय कमवायला त्याला काही वर्षे लागली असतील. आता कल्पना करा, की खिळे ओतणाऱ्या कारखान्याने असे म्हटले असते, की शिसे आमचे, साचे आमचे, एवढेच नव्हे तर खणांचा क्रमही आमचा असून दुसऱ्या कोणी तो क्रम वापरता कामा नये. मग त्या जुळाऱ्याला दुसऱ्या मुद्रणालयात जाऊन पहिल्यापासून शिकावे लागले असते आणि मालकालाही दुसऱ्या कारखान्याचे खिळे घेणे अवघड झाले असते. साच्यावरील हक्क मला मान्य आहे, कारण त्यात अक्षर कोरणाऱ्याची कला आहे. खणांच्या क्रमावर मात्र तो क्रम हातात बसवणाऱ्या कामगाराचाही तितकाच हक्क आहे, असे मला ठामपणे वाटते.

नेमका हाच वाद लोटस आणि बोरलँड या दोन अमेरिकी कंपन्यांमध्ये झाला. लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम १९८३ मध्ये आला आणि कार्यालयांतून सर्वत्र पसरला. लोकांनी त्याच्या मेनूतील आज्ञा एकापुढे एक रचून स्वतःचे मॅक्रो लिहिले. कोणी पगारपत्रकासाठी, कोणी मालाच्या साठ्यासाठी. पुढे बोरलँडने क्वात्रो नावाचा स्पर्धक प्रोग्रॅम काढला आणि त्यात लोटसच्या आज्ञांचा तोच क्रम उपलब्ध करून दिला, जेणेकरून लोकांचे जुने मॅक्रो वाया जाऊ नयेत. लोटसने १९९० मध्ये दावा लावला. अपील न्यायालयाने १९९५ मध्ये निर्णय दिला, की मेनूतील आज्ञांची रचना ही यंत्र चालवण्याची पद्धत असून तिच्यावर कॉपीराइट सांगता येत नाही, आणि त्यासाठी व्हीसीआरच्या बटणांची उपमा दिली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी समान मते पडल्यामुळे तोच निर्णय कायम राहिला. या निर्णयामागे ग्राहकांनी लिहिलेल्या मॅक्रोंचा विचार होता. ताई, ते मॅक्रो म्हणजेच आपल्या सीडीवरील पुस्तिका.

आपल्या भाच्याने सांगितलेला खटला याच वाटेवरचा आहे. जावा ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा सन कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. ऑरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगलवर दावा लावला, कारण अँड्रॉइड तयार करताना गूगलने जावाच्या ३७ संचांतील घोषणांच्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या होत्या. त्या घोषणांमागचे प्रत्यक्ष काम करणारा कोड गूगलने स्वतः लिहिला होता. घेतली ती नावे आणि त्यांची मांडणी, म्हणजे आपल्या भाषेत खणांचा क्रम. ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी हा न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याने चालणारा वापर, ठरवला. अशा घोषणांवर मुळात कॉपीराइट असू शकतो की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. तो असू शकतो असे वादापुरते धरून पुढचा विचार केला गेला, आणि ही त्या निकालातील उणीव आहे असे माझे मत आहे. तरीही न्यायमूर्ती ब्रेयर यांनी निकालपत्रात मांडलेला एक विचार मी विसरू शकत नाही. ऑरॅकलचा दावा मान्य केला तर तो कोड पुढच्या नव्या निर्मितीला लावलेले कुलूप ठरेल आणि त्याची किल्ली एकट्या ऑरॅकलच्या हाती राहील, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. आपले डोंगल ही तशीच किल्ली आहे. फरक इतकाच, की ती आपल्या हातात असूनही तिच्यासाठीचे कुलूप बाजारातून नाहीसे झाले आहे.

उद्यमबागेतील कारखानदार यांचे उत्तर

ताईंची अडचण मनाला लागली. निपाणीकर साहेबांनी माहिती उत्तम दिली आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही.

माझा उद्यमबागेत सुटे भाग कातण्याचा कारखाना आहे आणि पाच सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारी, यंत्रे आहेत. आमच्या क्षेत्रात यंत्राला आज्ञा देण्याची भाषा, म्हणजे जी-कोड, ही बऱ्याच अंशी सामाईक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ती लिहिली गेली, त्यामुळे एका यंत्रावर कातण्याचा प्रोग्रॅम थोडाफार बदलून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालवता येतो. हा आमचा मोठा आधार आहे. त्यासाठी आम्हाला कोणत्याही न्यायालयात जावे लागले नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी एकत्र बसून मानक ठरवले होते, म्हणून तो मिळाला. न्यायालयाचा निकाल यायला दहा-अकरा वर्षे लागतात आणि तोपर्यंत कारखाना बंद ठेवता येत नाही.

त्याच यंत्राच्या आतला दुसरा भाग मात्र पूर्ण कुलूपबंद असतो. यंत्राचे हात, दार, शीतक द्रव, अवजार बदलण्याची यंत्रणा हे सारे ज्या लॅडर प्रोग्रॅमवर चालते त्याला काही वेळा बनवणाऱ्याचा पासवर्ड असतो, आणि यंत्राचे पॅरामीटर, म्हणजे त्याची ठरवून दिलेली सेटिंग, बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असतात. २०१७ साली माझ्या एका यंत्राची बॅटरी वेळेवर बदलली गेली नाही आणि पॅरामीटर पुसले गेले. त्यांची प्रत आमच्याकडे नव्हती. विकणाऱ्या कंपनीचा माणूस येईपर्यंत नऊ दिवस यंत्र उभे राहिले आणि फौंड्रीकडून आलेले कास्टिंग अंगणात पडून राहिले. त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. खरेदीच्या आदेशातच लिहून घ्यायचे, की पॅरामीटरची प्रत, लॅडरची प्रत आणि पासवर्ड यंत्र बसवतानाच आमच्या स्वाधीन करावा. हे मान्य नसलेल्या विक्रेत्याचे यंत्र, कितीही चांगले असले तरी, मी घेत नाही.

दुसरी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मराठी आणि कन्नड फॉन्ट तयार करणाऱ्यांनी डोंगल का लावले, याचाही विचार व्हावा. १९९० च्या दशकात आपल्या बाजारपेठांत एक प्रत विकत घेऊन दहा दुकानांत तीच फ्लॉपी फिरवणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. भारतीय लिपीचा एक चांगला फॉन्ट तयार करायला जोडाक्षरांसह शेकडो आकार काढावे लागतात, आणि ते काढणाऱ्याने पोट कसे भरायचे हा प्रश्न खरा आहे. त्यामुळे कुलूप लावले म्हणून मी कंपनीला दोष देणार नाही. आवृत्ती बंद करताना, ज्यांच्याकडे पावती आहे त्यांना कुलूपाविना चालणारी शेवटची प्रत द्यायला हवी होती, ती दिली नाही, हा मात्र निश्चितच अन्याय आहे.

आता कामाचे सांगतो. यूएसबीला लावायचे पॅरलल पोर्टचे अडॅप्टर घेऊ नका. त्यांपैकी बहुतेक फक्त प्रिंटरसाठी असतात आणि जुनी डोंगल त्यांवर ओळखली जात नाहीत. त्याऐवजी दुरुस्ती करणाऱ्यांकडे पॅरलल पोर्ट असलेला जुना मदरबोर्ड शोधा. कारखान्यांतील जुन्या यंत्रांना अजून असे संगणक लागतात, म्हणून ते आमच्या भागात जपून ठेवलेले असतात.

खानापूरचा वकील यांचे उत्तर

ताईंचा दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. अमेरिकेतील निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण त्यांच्यावर अवलंबून राहण्याची गरजही नाही, कारण याबाबत आपला कायदा अधिक स्पष्ट बोलतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे. त्यातील पोटकलम (१)(कक), म्हणजे इंग्रजी प्रतीतील दुहेरी ए, असे सांगते, की संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याजवळ आहे त्याने, ज्या कामासाठी ती पुरवली गेली त्या कामासाठी वापरण्यास्तव तिची प्रत काढली किंवा तिच्यात अनुकूल बदल केला, किंवा नाश व नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढली, तर तो हक्कभंग ठरत नाही. १९९९ च्या दुरुस्तीने त्यापुढे आणखी काही उपखंड जोडले गेले. स्वतंत्रपणे तयार केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर, मिळवण्याची कृती त्यांतील एका उपखंडाने मोकळी ठेवली आहे. निपाणीकरांनी सांगितलेल्या खणांच्या क्रमाचे तत्त्व आपल्या संसदेने अशा प्रकारे कायद्यातच लिहून ठेवले आहे, याचा मला अभिमान वाटतो.

डोंगलच्या बाबतीत २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ पाहावे लागते. संरक्षक तांत्रिक उपाय चुकवणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, परंतु ती हक्कभंग करण्याच्या हेतूने तसे केले असेल तरच. कायद्याने मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. आपल्याजवळ पावती आहे, डोंगल आहे आणि हेतू स्वतःच्या फायली वाचण्याचा आहे. तरीही मी आपल्याला कुलूप तोडण्याचा सल्ला देणार नाही, कारण जुना संगणक मिळाला तर त्याची गरजच उरत नाही, आणि दुसऱ्याच्या मदतीने तसे करायचे झाल्यास त्या मदत करणाऱ्याने कोणासाठी व कशासाठी केले याची पूर्ण नोंद ठेवावी असे कायदा सांगतो. पावती मात्र जिवापाड जपा. तिची छायाप्रत काढून ठेवा, कारण त्या काळच्या पावत्यांची शाई लवकर उडते.

आणखी एक स्पष्ट करतो. प्रोग्रॅमवर कंपनीचा हक्क असला तरी त्या प्रोग्रॅमने जुळवलेल्या कवितेवर तिचा काडीचाही हक्क नाही. तो कवीचा, आणि त्याच्या पश्चात वारसांचा, साठ वर्षे असतो. म्हणून त्या मुलीची मागणी पूर्णपणे रास्त आहे.

उद्यमबागेतील बंधूंनी मानकांचा मुद्दा काढला म्हणून एका भांडणाची आठवण करून देतो, ज्यात आपला देश स्वतः उतरला होता. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ओडीएफ हे खुले मानक २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्वीकारले होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल हा प्रकार, सहा हजारांहून अधिक पानांचा मसुदा देऊन, वेगवान मार्गाने मंजुरीसाठी मांडला. २००७ च्या मतदानात तो नापास झाला आणि २००८ मध्ये फेरविचारानंतर मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिले, आणि मंजुरीनंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्यासह अपीलही केले, जे फेटाळले गेले. त्या वेळी अनेकांना हा तंत्रज्ञांचा कोरडा वाद वाटला. ताईंच्या सीडीकडे पाहिल्यावर तो कोणाचा वाद होता हे कळते.

चिकोडीचा शिक्षक यांचे उत्तर

थोडक्यात एक अनुभव सांगतो. २००३ साली मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होतो. पैशांअभावी आम्ही सोळा संगणकांवर लिनक्स ही विनामूल्य संगणक प्रणाली बसवायचे ठरवले होते. त्याच वर्षी एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपला युनिक्स या जुन्या प्रणालीचा कोड चोरून घातल्याचा आरोप करून आयबीएमवर दावा लावला आणि दीड हजार मोठ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली. ती बातमी वाचून आमच्या व्यवस्थापनाने काम थांबवले आणि मुलांना आणखी दोन वर्षे जुन्याच संगणकांवर शिकावे लागले.

पुढे काय झाले? २००७ मध्ये न्यायालयाने युनिक्सचा कॉपीराइट एससीओकडे नसून नोव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे असल्याचे ठरवले, २०१० मध्ये ज्यूरीनेही तेच म्हटले, आणि आयबीएमशी उरलेला दावा २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. ज्या हक्काच्या नावाने धमकी दिली तो हक्कच त्यांच्याजवळ नव्हता. माझे त्या काळचे विद्यार्थी आज पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांची ती दोन वर्षे परत देणारा कोणताही निकाल नाही. म्हणून या बातम्या केवळ करमणूक म्हणून वाचाव्यात असे मला वाटत नाही. धमकी आणि निकाल यांतील अंतर किती असते, हे जाणून त्या वाचल्या पाहिजेत. ताईंच्या भाच्याला माझे आशीर्वाद सांगा. त्याने वाचत राहावे.

अथणीची टंकलेखिका यांचे उत्तर

ताई, मी न्यायालयांबद्दल काही सांगू शकत नाही, पण अशा फायलींचे रूपांतर मी गेली सहा वर्षे करते आहे, म्हणून पुढचे काम कसे करायचे ते लिहिते.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षर साठवलेले नसते, अक्षराचा आकार साठवलेला असतो. संगणकाच्या दृष्टीने आपल्या फायलीत इंग्रजी अक्षरे व चिन्हेच आहेत, आणि त्या विशिष्ट फॉन्टमुळे ती पडद्यावर मराठी दिसतात. प्रत्येक कंपनीने कोणता आकार कोणत्या क्रमांकावर ठेवायचा हे आपापले ठरवले होते, म्हणून एकीची फाईल दुसरीत उघडत नाही. युनिकोड या सर्वांसाठीच्या सामाईक मानकात प्रत्येक वर्णाला एकच क्रमांक असतो, मग फॉन्ट कोणाचाही असो. देवनागरी आणि कन्नड यांना त्यात १९९१ पासून स्थान आहे आणि ती मांडणी आपल्याच सरकारने ठरवलेल्या इस्की या मानकावर आधारलेली आहे.

रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला जुना आणि नवा क्रमांक यांचा तक्ता लागतो. तक्ता बरोबर असला तरी तीन ठिकाणी चुका हमखास होतात. पहिली ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवावी लागते. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या शब्दात जोडाक्षर कुठे संपते हे प्रोग्रॅमला ओळखावे लागते आणि तिथे तो फसतो. दुसरा रफार, ज्याचे याच्या बरोबर उलट आहे. ‘सूर्य’मध्ये तो शेवटी टंकलेला असतो, पण साठवताना य च्या आधी जायला हवा. तिसरी आपल्या मराठीची खास गोष्ट, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील आडवा अर्धा र. हिंदीसाठी केलेले प्रोग्रॅम त्याचा रफार करून टाकतात आणि दऱ्याखोऱ्यांच्या कवितेतला शब्दच बदलून जातो. ‘ॲ’ हे अक्षरही तपासा, कारण त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला आणि त्यापूर्वीचे लोक ते अ वर चंद्र देऊन लिहीत. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही.

म्हणून जुना संगणक चालू झाला, की तीन गोष्टी करा. प्रत्येक फाईल उघडून मजकूर साध्या टेक्स्टच्या रूपात बाहेर काढा, त्याच पानांची पीडीएफही करा म्हणजे मूळ कसे दिसत होते याचा पुरावा राहील, आणि रूपांतरानंतर पीडीएफ शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचा. कवितेसाठी याला पर्याय नाही. नव्याने पान लावताना स्क्रायबस या पाने लावण्याच्या प्रोग्रॅमच्या अलीकडच्या आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट जुळतात. तो विनामूल्य आहे आणि त्याला डोंगल नाही. देवनागरी फॉन्टसाठी मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ वापरून पाहा. मोठ्या मजकुरालाही तो डोळ्यांना सुखावतो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मी कन्नड आणि मराठी दोन्ही टंकते. इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत ज्या कळीवर मराठीचा क आहे त्याच कळीवर कन्नडचा क आहे, त आणि प यांचेही तसेच. एकदा बोटांनी शिकले, की दोन्ही लिप्या येतात. कन्नडमध्ये के. पी. राव यांनी तयार केलेली वेगळी मांडणीही फार लोकप्रिय आहे आणि कर्नाटक सरकारने ती प्रमाण मानली. या मांडण्यांसाठी आजवर मला कोणाला एक पैसा द्यावा लागलेला नाही. माझे घर या दोन लिप्यांच्या टंकनावर चालले आहे, आणि कळफलकावर कोणी कुलूप लावले असते तर ते चालले नसते.

शहापूरची मुद्रक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्यमबागेतील दादांच्या सांगण्यावरून चौकशी केली आणि एका दुरुस्ती करणाऱ्यांकडे पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणक मिळाला. काल संध्याकाळी डोंगल लावले. पहिल्या वेळी ओळखले गेले नाही. मग त्यांनी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये पोर्टचा प्रकार बदलला आणि प्रोग्रॅम उघडला. सीडींपैकी दोन वाचल्या जात नाहीत, बाकीच्या वाचल्या जातात.

त्या कवीची पुस्तिका चौसष्ट पानांची आहे. आज दुपारपर्यंत तिचा मजकूर आणि पीडीएफ दोन्ही बाहेर काढले. अथणीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे रूपांतर करून पाहिले तर पहिल्याच कवितेत ‘पाऱ्या’चा ‘पार्या’ झालेला सापडला, म्हणून आता भाच्याला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घेते आहे. तो मूळ पीडीएफ मोठ्याने वाचतो आणि मी पडद्यावर तपासते. सासरे खुर्चीवर बसून ऐकतात आणि खिळ्यांच्या काळातही प्रुफे अशीच दोघांनी मिळून वाचावी लागत, असे त्यांनी आम्हाला सांगितले.

वकील साहेब, पावतीची शाई खरोखरच फिकट झाली आहे. आज तिच्या दोन छायाप्रती काढल्या. अथणीच्या ताई, कन्नड फायलींसाठी आपण वापरता तो क्रमांकांचा तक्ता मला मिळू शकेल का? लग्नपत्रिकांचे नमुने त्यातच आहेत आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील.